दारातला खोळंबा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. त्यांच्या नावाने उभे राहून बोलण्याची संधी मिळावी, यापेक्षा मोठा मान वडोदऱ्याच्या या शाळेच्या विद्यार्थ्याला दुसरा कोणता मिळणार? कार्यवाह निमंत्रण घेऊन आले, तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा निदान शब्दकोशांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. मी संगणकावरील लॉगिनच्या विलंबाबद्दल बोलणार आहे असे सांगितल्यावर ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मग चहा घेऊन सौजन्याने निघून गेले. त्यांच्या मनातली शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने या विषयात का पडावे?

कारण असे, की सरांनी मला व्याकरणाच्या तासाला जे शिकविले होते ते मी वयाच्या साठीनंतर विसरलो, आणि एका संगणककक्षात एका तरुण मुलाने मला ते पुन्हा शिकविले. त्या विसरण्याची किंमत मात्र त्या मुलाला द्यावी लागली असती. ती हकीकत सांगणे हे मी सरांच्या ऋणाची अंशतः फेड समजतो.

आरंभी एक शब्द परिभाषेविषयी. महाराज सयाजीरावांच्या काळात याच शहराने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश सिद्ध केला. त्या गावचा माणूस ‘लॉगिन’ला मराठी प्रतिशब्द देणार नाही काय, असे कोणी विचारील. ‘प्रवेश’ म्हणता येईल. परंतु आपण सारे ‘लॉगिन’च म्हणतो, म्हणून आज मीही तेच म्हणेन. पारिभाषिक शब्दांपेक्षा प्रक्रियेकडे आपले लक्ष असावे, एवढीच इच्छा.

१

एकाच यंत्रावर अनेकांनी, प्रत्येकाने आपल्या नावाने काम करावे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवून दाखविली. अनेकांचे कागद एकाच कपाटात आले म्हणजे कोणते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतोच. त्यातून प्रत्येकाचा पासवर्ड आला. पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो, ती व्यवस्था त्याच विचारपरंपरेतली.

पहिल्या काळात यंत्र एक होते आणि माणसे अनेक. नंतर यंत्रेही अनेक झाली. विद्यार्थ्याने आज खिडकीजवळच्या संगणकावर बसावे, उद्या दाराजवळच्या. दोन्हीकडे त्याला त्याचेच नाव, त्याचाच पासवर्ड, त्याचेच कागद मिळावेत. याकरिता त्याची ओळख आणि त्याचे कागद त्या यंत्रात न ठेवता नेटवर्कवरील मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवतात. सोय मोठी आहे. पण तिचा परिणाम असा, की समोरचा संगणक आता एकटा काही करू शकत नाही. नाव टंकताच तो एका सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचा कोणी आहे काय? तो कोणकोणत्या गटात आहे?’ मग पासवर्ड पडताळतो. मग दुसऱ्या सर्व्हरकडून त्या व्यक्तीचे कपाट, म्हणजे होम डिरेक्टरी, जोडून घेतो. शेवटी त्या कपाटातील लहानमोठ्या शेकडो फाइली वाचून पडदा मांडतो. आपल्याला एक दार दिसते. आत चार चौक्या असतात.

यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि आजच्या कथेत तीच महत्त्वाची ठरते. संगणक सर्व्हरला नावाने ओळखतो. परंतु निरोप पाठवायचा तर त्याला आकडी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी जी व्यवस्था, ती डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना मांडली. प्रत्येक चौकीवर जाण्याआधी संगणक या पत्ते सांगणाऱ्याकडे जातो.

२

सन २०१४ ची गोष्ट. निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. आपल्या शहरापासून दूर असलेल्या एका शिक्षणसंस्थेने बोलीतील शब्दांचा संग्रह संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले आणि त्याचे मानद मार्गदर्शन माझ्याकडे दिले. संस्थेचे नाव मी सांगत नाही; त्याची गरजही नाही. कक्षात तीस संगणक होते, सारे लिनक्सवर चालणारे. सकाळी अकराला विद्यार्थी येत, आपापल्या नावाने लॉगिन करीत आणि शब्दांच्या चिठ्ठ्या टंकीत बसत.

काही महिन्यांनी तक्रार सुरू झाली. पासवर्ड टंकल्यावर पडदा उघडण्यास अर्धा मिनिट लागे; सकाळी सर्वजण एकदम बसले, की अडीच-तीन मिनिटे. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात हा वेळ थोडा नव्हे. विद्यार्थी पासवर्ड टंकून चहाला जाऊ लागले आणि चहाला गेलेले विद्यार्थी लवकर परतत नाहीत, हे येथील शिक्षकवर्गाला मी सांगायला नको.

कक्षाची देखभाल पाहण्यास कंत्राटावर नेमलेला एक तरुण होता. तो म्हणाला, ‘सर, दोन तास कक्ष बंद ठेवू द्या. मला एकेक गोष्ट तपासायची आहे.’ काम मागे पडले होते. मी नकार दिला. पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा नकार दिला. मग संचालकांनी विलंबाचा खुलासा मागितला, तेव्हा मी एक टिपण लिहून दिले. त्यात दोन विधाने होती : संगणक जुने झाले आहेत, आणि देखभालीत हेळसांड होत आहे. पहिल्या विधानावरून नव्या यंत्रांसाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी मागण्याचे ठरू लागले. दुसऱ्यावरून त्या मुलाचे कंत्राट पुढे न वाढविण्याचे.

श्रोतेहो, मी लॉगिनची प्रक्रिया जाणत नव्हतो. तरीही ते टिपण मी अत्यंत शुद्ध मराठीत आणि पूर्ण आत्मविश्वासाने लिहिले होते.

३

आपल्यापैकी जे सरांच्या हाताखाली शिकले, त्यांना निबंधाच्या वह्या आठवत असतील. वाक्य बिघडले असेल, तर सर शेवटच्या चुकलेल्या क्रियापदाखाली रेघ मारीत नसत. वाक्य जेथे प्रथम वाकडे वळले, त्या शब्दाखाली मारीत. क्रियापद चुकलेले दिसते, पण कर्ता निवडतानाच घोटाळा झालेला असतो, हे त्यांनी आम्हांला त्या रेघेने शिकविले.

त्या तरुणाने नेमके हेच केले. एका रविवारी कक्ष रिकामा असताना तो आपणहून आला. सोमवारी त्याने माझ्यासमोर एक वही ठेवली. तिच्यात तीन प्रश्न होते : विलंब एकाला होतो की सर्वांना? एका यंत्रावर होतो की सर्व यंत्रांवर? गर्दीतच होतो की एरवीही? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणाही गोष्टीवर दोष ठेवू नये, एवढी त्याची पद्धत.

रविवारी त्याने एकट्याने लॉगिन केले, गर्दीचा प्रश्नच नव्हता. तरीही पस्तीस सेकंद लागले. सर्व यंत्रांवर तसेच. मग कार्यालयात पडून असलेला, त्याच खरेदीतला, तितकाच जुना एक संगणक त्याने घेतला, त्यावर लिनक्स नव्याने बसविले आणि तो नेटवर्कला न जोडता त्यावरच खाते उघडून पाहिले. पाच सेकंद. माझ्या टिपणातले पहिले विधान तेथेच खोटे ठरले. वय तेच, घडण तीच. मग म्हातारपणाला दोष कसा द्यावा?

पुढे त्याने नोंदींची फाइल उघडून दाखविली. लॉगिनच्या प्रत्येक टप्प्याची वेळ तिच्यात सेकंदापर्यंत लिहिलेली असते. त्याने सेकंदांचे आकडे वाचले : अकरा, सोळा, एकवीस, सव्वीस, एकतीस. ‘सर, दर वेळी पाच,’ तो म्हणाला, ‘यंत्र काम करीत असते, तर कधी चार लागले असते, कधी सात. नेमके पाचच लागतात, म्हणजे ते काम करीत नाही. वाट पाहत आहे.’

मी वृत्ते शिकविली आहेत. समान अंतराने येणारा यती हा योगायोग नसतो, त्यामागे नियम असतो, हे मी पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगितले आहे. पण ही नोंद मला कोणी आधी दाखविली असती, तरी ते पाच मला दिसले नसते. कारण मी उत्तर आधीच लिहून ठेवले होते.

आता पाचाचा नियम कोठून आला? लिनक्समध्ये एका लहानशा फाइलीत पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांची यादी असते. संगणक पहिल्याला विचारतो. दुसरी काही सूचना नसेल, तर तो पाच सेकंद उत्तराची वाट पाहतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. आमच्या यादीतला पहिला सर्व्हर जुन्या इमारतीत होता. ती इमारत सोडताना तो बंद करून भंगारात दिला गेला होता. त्याचा पत्ता मात्र यादीत पहिल्या ओळीवरच राहिला होता. त्या पत्त्यावर कोणी नव्हते. आणि ‘येथे कोणी राहत नाही’ असे सांगायलाही कोणी नव्हते. तसे कोणी सांगितले असते, तर संगणक तत्क्षणी पुढे गेला असता. निरुत्तर शांततेपुढे मात्र त्याला पाच सेकंद थांबणे भाग होते.

ही पाच सेकंदे एकदाच का लागली नाहीत? कारण आमच्या रचनेत एका प्रोग्रामने विचारलेले उत्तर दुसऱ्याला ठाऊक नसे. ओळख पटविणारा वेगळा, कपाट जोडणारा वेगळा. प्रत्येकजण त्याच बंद दारावर नव्याने थाप मारी आणि पाच सेकंदांनी दुसऱ्या दाराकडे जाई. सहा वेळा असे झाले, की तीस सेकंद. दुसऱ्या दारी उत्तर मिळतच होते. त्यामुळे कोठे चुकीचा संदेश उमटत नव्हता. काम होत होते, केवळ उशिरा होत होते. वेबपानेही सावकाश उघडत. त्याचा दोष आम्ही इंटरनेटच्या जोडणीला देऊन मोकळे झालो होतो. पूर्ण बंद पडलेली गोष्ट माणसे दुरुस्त करतात. उशिरा चालणाऱ्या गोष्टीची त्यांना सवय होते.

४

मी त्याला विचारले, ‘एक चूक तीसही यंत्रांत कशी शिरली?’ तो म्हणाला, ‘एक यंत्र नीट तयार केले होते, सर, आणि त्याच्या तीस नकला काढल्या होत्या.’

हे ऐकून मी खजील झालो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचा हा पहिला धडा आहे. अनेक पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक आढळली, तर तीस लेखकांनी तीस वेळा चूक केली असे आपण म्हणत नाही. त्या सर्व पोथ्या ज्या एका पोथीवरून उतरविल्या, तिच्याकडे आपण वळतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. प्रतींच्या संशोधनाची ही परंपरा आपल्या भाषेत चार शतकांहून जुनी आहे. तिचा पाईक म्हणविणाऱ्या मला माझ्यासमोर तीस पोथ्या मांडलेल्या असताना त्या पोथ्या आहेत, हे उमगले नाही.

मूळ प्रतीतील एक ओळ बदलली, ती सर्व यंत्रांवर उतरविली. एकट्याचे लॉगिन पस्तीस सेकंदांवरून सहा-सात सेकंदांवर आले. खर्च काही नाही.

परंतु येथे कथा संपत नाही, आणि त्या मुलाची वही खरी उपयोगी पडली ती यानंतर. सकाळच्या गर्दीत अजून मिनिटभर लागतच होते. म्हणजे दुखणी दोन होती; एकाने दुसऱ्याला झाकले होते. हा दुसरा विलंब पाचाच्या पटीत नव्हता. पाच जण बसले तर थोडा, तीस बसले तर बराच. माणसांबरोबर तो वाढे. अर्थात ही वाट पाहणे नव्हे, हे खरोखरीचे काम. शोधाअंती आढळले, की इंटरनेट पाहण्याचा प्रोग्राम आपली तात्पुरती साठवण प्रत्येकाच्या कपाटात ठेवीत होता. ते कपाट सर्व्हरवर. त्यामुळे तीस जणांच्या हजारो बारीक फाइलींची ये-जा एकाच हार्डडिस्कवर एकाच वेळी होई. ती साठवण ज्या-त्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर वळविली आणि गर्दीतला खोळंबा बव्हंशी ओसरला.

तिसरे दुखणे एकाच विद्यार्थिनीचे होते. ती कोणत्याही यंत्रावर बसली तरी तिलाच उशीर. तिने स्कॅन केलेली बाराशे पाने डेस्कटॉपवर ठेवली होती, आणि लॉगिन होताच संगणक त्या प्रत्येकाचे छोटे चित्र तयार करू पाही. तिला निष्काळजी म्हणणे सोपे होते. पण पाने कोठे ठेवायची, हे आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते. एक सामायिक जागा नेमून दिली, प्रश्न मिटला.

मी या तिन्हींचे तपशील देतो, कारण बाहेरून तक्रार एकच होती : ‘लॉगिन सावकाश होते.’ सर्वांना सदैव होणारा विलंब, गर्दीत वाढणारा विलंब आणि एकाच व्यक्तीला चिकटलेला विलंब यांची कारणे निराळी असतात. नवी यंत्रे घेतली असती, तर जुन्याच मूळ प्रतीच्या नकला त्यांवर उतरल्या असत्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या पैशाने तोच पाच सेकंदांचा यती विकत घेतला गेला असता.

५

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. प्रत्येक विलंब दोष नसतो. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली पासवर्डच्या सुरक्षेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा, की पासवर्ड पडताळण्याची क्रिया मुद्दाम मंद ठेवावी. प्रामाणिक माणसाला ती एकदाच करावयाची असते, त्याला क्षणभराचा उशीर जाणवत नाही. परंतु लाखो पासवर्ड चालवून पाहणाऱ्या चोराची त्या मंदपणामुळे वाट अडते. आजही हेच तत्त्व पाळले जाते. चुकीचा पासवर्ड दिल्यावर लिनक्स दोनएक सेकंद थांबते, तेही याच हेतूने. तेव्हा विलंब दिसला, की तो काढून टाकण्यापूर्वी कोणी तो हेतुपुरस्सर ठेवला आहे काय, हे विचारावे. सरांच्या वर्गात उत्तर द्यायला उशीर लावणाऱ्या मुलाला ते घाई करीत नसत, याची येथे मला आठवण होते. त्या मुलांपैकी एक मी होतो.

आता राहिले माझे टिपण. ते संचालकांच्या फाइलीत होते. मी तोंडी सांगून भागविण्याचा विचार केला, हे कबूल केले पाहिजे. पण लेखी केलेला आरोप तोंडी मागे घेता येत नाही. फाइलीत उरतो तो कागद, माझा ओशाळा चेहरा उरत नाही. म्हणून मी दुसरे टिपण लिहिले. दोन्ही विधाने चुकीची होती, तपासणीस परवानगी मी दोनदा नाकारली होती आणि दोष ज्याने शोधला तो हाच कर्मचारी, असे त्यात नमूद केले. त्याचे कंत्राट पुढे चालू राहिले. नव्या यंत्रांसाठी जो निधी मागायचा होता, तो मागितला गेला नाही. पहिले टिपण फाइलीतून काढून टाकू काय, असे संचालकांनी विचारले. मी नको म्हटले. दोन्ही एकत्र असावीत, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला चूक कोठे सुरू झाली ते दिसेल.

मित्रहो, आपल्या शाळेच्या संगणककक्षातही पुढेमागे असा खोळंबा होईल. त्या वेळी तीन प्रश्न विचारावेत : एकाला की सर्वांना, एका ठिकाणी की सर्वत्र, गर्दीत की एरवीही? घड्याळ लावून वेळ लिहून ठेवावी. अंतर समान असेल, तर कोणाची तरी वाट पाहिली जात आहे असे समजावे आणि जो आता नाही, त्याचे नाव यादीतून शोधून काढावे. सर्व्हर हलविताना किंवा बंद करताना त्याचा पत्ता कोठे कोठे लिहिला आहे, याची यादी त्याच दिवशी करावी. आणि जो कर्मचारी दोन तास मागत असेल, त्याला ते द्यावेत.

आज ज्यांचे स्मरण करण्यासाठी आपण जमलो, त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या नावापाशी नुसते थांबून राहावे, हे त्यांनाही आवडले नसते. त्यांनी वहीत मारलेली ती रेघ मात्र अजून उपयोगी पडते, आणि ती कोठे मारावी हे नीट जाणणारा एक शिष्य, शाळेचे तोंडही न पाहता, त्यांना दूरच्या गावातल्या संगणककक्षात लाभला, याचे मला समाधान आहे.